पाच किलोवॉटचं बेट आणि आपले मामा तलाव

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एग नावाच्या छोट्या बेटावर विजेचा एक नियम आहे. घराला एका वेळी ५ किलोवॉटपेक्षा जास्त वीज ओढता येत नाही. धंद्याच्या जागेला १० किलोवॉट. पाण्याची किटली, वॉशिंग मशीन आणि हीटर एकदम लावले की त्या घरापुरती वीज जाते. ती आपोआप परत येत नाही, देखभाल बघणाऱ्या गावकऱ्याला बोलवावं लागतं. हा नियम कोणत्याही वीज कंपनीने लादलेला नाही. बेटावरच्या लोकांनी तो स्वतःच ठरवला, २००८ पासून पाळतात, आणि तो सगळ्यांना सारखा आहे.

इथे स्कॉटलंडमध्ये आल्यावर ज्या गोष्टींनी मला खरोखर विचारात पाडलं, त्यांत हा नियम पहिला. कारण तो टंचाईचा नाही, हिशेबाचा आहे. मुख्य भूमीवरून समुद्राखालून केबल टाकण्याचा खर्च बेटाच्या आवाक्याबाहेरचा होता. तोवर प्रत्येक घरामागे आपापला डिझेल जनरेटर धडधडत असे, आणि डिझेल बोटीने यायचं. त्याऐवजी लोकांनी स्वतःचं ग्रिड उभारलं: तीन जलविद्युत संच (मोठा १०० किलोवॉटचा, बाकीचे दोन अगदी लहान), प्रत्येकी ६ किलोवॉटच्या चार पवनचक्क्या, आणि सौर पॅनेल, जी सुरुवातीला १० किलोवॉट होती आणि पुढे ५० च्या आसपास नेली. त्याला लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा संच, सुमारे ११ किलोमीटर भूमिगत केबल आणि अडीअडचणीला दोन डिझेल जनरेटर. वर्षाच्या विजेतला ९० टक्क्यांहून मोठा वाटा पाणी, वारा आणि उन्हाचा.

आता गणित बघा. पन्नासएक घरांनी ५ किलोवॉट एकाच वेळी ओढले तर २५० किलोवॉट लागतील, तेवढी क्षमताच नाही. पण सगळी घरं एकाच क्षणी किटली लावत नाहीत. नियम प्रत्येक घराच्या मागणीचं शिखर कापतो, म्हणून गावाचं एकूण शिखर आटोक्यात राहतं, म्हणून यंत्रणा लहान ठेवता येते आणि खर्च परवडतो. लोकांनी कपडे धुण्याची वेळ बदलली, बाकी काही सोडलं नाही.

उलट्या बाजूचा प्रश्नही त्यांनी सोडवला आहे. वादळी पावसात वीज जास्त होते आणि बॅटऱ्या भरतात. तेव्हा ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या किंचित वर जाऊ दिली जाते. ती वाढ ओळखून सार्वजनिक इमारतींमधले हीटर लागतात, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर सौर इन्व्हर्टर उत्पादन कमी करतात. म्हणजे उरलेली वीज गावाचा हॉल गरम करते आणि त्याचं बिल कोणालाच येत नाही. हे मला फार आवडलं.

हेच डोळे झाकून आपल्या पूर्व विदर्भातल्या कुरखेड्यात किंवा देवरीत उभारायला जाल तर फसेल. एगला हिवाळ्यात पाऊस-वारा आणि उन्हाळ्यात लांब दिवस, म्हणजे एक स्रोत थकला की दुसरा उभा राहतो. पूर्व विदर्भात वारा नाहीच्या बरोबर. ऊन फेब्रुवारी ते मे दणदणीत, पण जुलै-ऑगस्टात ढग. तिसरा स्रोत हवा, तो धानाच्या तुसाचा होऊ शकतो. गॅसिफायरला (तूस अर्धवट जाळून इंजिनासाठी वायू करणाऱ्या यंत्राला) एका युनिटमागे साधारण दीड ते दोन किलो तूस लागतो आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलमध्ये तो आहे. मात्र वायूतला डांबरासारखा चिकट अंश नीट गाळला नाही तर इंजिन जाम होतं. असे प्रकल्प बहुतेक तिथेच मरतात.

दुसरं, आपलं ऊन. पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते आणि त्यावरच्या प्रत्येक अंशाला ती साधारण ०.३५ ते ०.४ टक्के घटते. मे महिन्यात पॅनेलचा पृष्ठभाग ६५ अंशांवर जातो, म्हणजे १५ टक्के तिथेच गेले. लेड-ॲसिड बॅटरीचं तर आयुष्यच दर १० अंशांमागे जवळपास निम्मं होतं. पत्र्याच्या खोलीत बॅटऱ्या ठेवल्या तर पाच-सहा वर्षांचा माल अडीच वर्षांत संपतो. जाड मातीच्या भिंतीची, कौलारू, उत्तरेकडे झरोका असलेली खोली बांधा. ती आपल्या गवंड्यांना बांधता येते आणि वातानुकूलन यंत्रापेक्षा स्वस्त पडते.

तिसरं म्हणजे मर्यादा किती ठेवायची. आपल्या खेड्यातल्या घराला ५ किलोवॉट कशाला? कूलर २०० वॉट, साधा पंखा ७५, टीव्ही ८०, दिवे ४०. एक किलोवॉटमध्ये घर आरामात चालतं. पण एक अश्वशक्तीची मोटर, जी चालताना हजार वॉटच्या आसपास घेते, सुरू होताना क्षणभर चार ते सहा पट ओढते. दोन मोटरी एकदम लागल्या की गावाचा इन्व्हर्टर बसतो. म्हणून मोटरींना वेगळी दिवसाची लाइन द्यायची आणि सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण) सक्तीचा करायचा. हे आधी ठरवलं नाही तर पहिल्याच उन्हाळ्यात भांडणं होतात आणि लोक सौर ऊर्जेला दोष देतात.

आता मूळ मुद्दा. एगच्या लोकांना हा नियम लावता आला, कारण यंत्रणा त्यांची आहे, आणि यंत्रणा त्यांची आहे कारण आधी जमीन त्यांची झाली. १९९७ पर्यंत अख्खं बेट एका मालकाचं होतं. तेव्हा संख्येने ६५ च्या आसपास असलेल्या रहिवाशांनी हायलँड कौन्सिल आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्टला सोबत घेऊन विश्वस्त संस्था केली आणि १५ लाख पौंडांना बेट विकत घेतलं. आज लोकसंख्या शंभरावर गेली आहे.

इथे आपण मान वर करून सांगावं असं काही आहे. आपल्या भागातली मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची मालकी, ३१ मार्च १९५१ ला कायद्याने संपली, एगच्या ४६ वर्षं आधी. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यानेही गावाला मिळाला तो मुख्यतः पहिला हक्क: मालक विकायला निघाला तर गावाने बाजारभावाने घ्यायचं. गावाच्या मालकीची जमीन अजूनही देशाच्या ३ टक्क्यांच्या आतच आहे. जमीन सुधारणेवर आपल्याला इथून धडे घ्यायची गरज नाही, असं मी इथल्या मित्रांना ठामपणे सांगते.

पण मालगुजार गेल्यावर मालक कोण झाला? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले माजी मालगुजारी तलाव, आपले मामा तलाव, सहा हजारांवर. कोहळी समाजाने बांधलेले, वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या रिवाजांच्या जुन्या नोंदीत, ज्यांचे पाणीवाटपाचे रिवाज लिहिलेले. ते सरकारजमा झाले. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. गाळ काढणं हे गावाचं काम उरलं नाही आणि खात्याच्या यादीत ते कायम खाली राहिलं. गेट गंजलं, पाळीवर झाडं वाढली. इकडे स्कॉटलंडमध्ये जमीन गावाकडे गेली, तिकडे विदर्भात तलाव खात्याकडे. विदर्भाला महाराष्ट्रात आणणारा नागपूर करार, अनुशेष, तो मोजणारी दांडेकर समिती, १९९४ चं वैधानिक विकास मंडळ (ज्याची मुदत एप्रिल २०२० ला संपली) या सगळ्यांत आपण विदर्भाला किती पैसे मिळाले ते मोजलं. त्या पैशातून झालेली वस्तू कोणाच्या नावावर, हे फारसं विचारलं नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने विचारलं. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक थेट ग्रामसभेच्या हातात. इथल्या कोणत्याही ट्रस्टच्या तोडीचं ते काम आहे, आणि त्यांच्या पाठीशी कोणताही भूमी निधी नव्हता.

असा निधी इथे आहे, आणि तो देण्याची रीत शिकण्यासारखी आहे. हायलँड्स अँड आयलंड्स एंटरप्राइज ही प्रादेशिक विकास संस्था १९९१ पासून काम करते. तिच्या पूर्वसुरी मंडळाची स्थापना १९६५ ची. गावाला आधी मिळतो तो सल्लागार आणि व्यवहार्यता तपासायला छोटं अनुदान. नंतर स्कॉटिश लँड फंडाकडून खरेदीसाठी मोठी रक्कम. ऊर्जेसाठी केअर्स नावाची योजना सुरुवातीच्या अभ्यासाला अनुदान देते, पुढच्या टप्प्याला कर्ज. प्रकल्प कागदावरच बुडाला तर गाव कर्जात बुडत नाही. अट कडक असते: संस्थेचे किमान तीन-चतुर्थांश सभासद त्याच गावचे हवेत, जमिनीवरच्या पहिल्या हक्काच्या नोंदणीसाठी गावातल्या किमान दहा टक्के मतदारांचा पाठिंबा हवा, आणि नोंदणी पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. मुदत विसरली किंवा नकाशातली हद्द चुकली की अर्ज पडतो.

घरांच्या बाबतीत एक तरतूद मला आपल्या वकील मंडळींना मुद्दाम दाखवायची आहे: ग्रामीण गृहबंधन, २००३ च्या मिळकत-शर्ती कायद्यातलं. समजा घराची किंमत २ लाख पौंड. गावच्या संस्थेने ते ३० टक्के सवलतीत, म्हणजे १ लाख ४० हजारांना स्थानिक कुटुंबाला दिलं. दहा वर्षांनी कुटुंब विकायला निघालं आणि भाव २ लाख ६० हजार झाला असेल, तर पहिला हक्क संस्थेचा, आणि किंमत त्याच्या ७० टक्के, १ लाख ८२ हजार. उत्तर द्यायला ४२ दिवस. साधा अग्रहक्क एकदा नाकारला की संपतो. हा प्रत्येक विक्रीला पुन्हा जागा होतो. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या फार्महाउसवाल्यांसारखे लोक इथे येऊन गावातली घरं गिळू शकत नाहीत. अडचण दोन जागी येते: काही बँका अशा घरावर कर्ज द्यायला कचरतात, आणि त्या ४२ दिवसांत संस्थेकडे पैसे नसले तर हक्क कागदावर राहतो.

आपलं घरकुल वेगळं आहे. सपाट भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये, किमान २५ चौरस मीटर, बांधकामाचे फोटो काढून हप्ते. ते त्या कुटुंबाचं स्वतःचं असतं आणि इतक्या मोठ्या संख्येने घरं बांधणं स्कॉटलंडला जन्मात जमणार नाही. मात्र ज्याला जागाच नाही तो तिथेच अडतो. जागा खरेदीची वेगळी योजना आहे, पण गावठाणात विकायला जागा हवी ना. ग्रामसभेच्या नावावर चार गुंठे असते तर बंधन घालून प्लॉट देता आले असते.

कलेबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे आपण पुढे आहोत. लुइस बेटावर पॉइंट अँड सँडविक ट्रस्टच्या ९ मेगावॉटच्या पवनचक्क्यांच्या नफ्यातून स्टॉर्नोवेच्या अन लाँटेर कलाकेंद्राला आणि रुग्णसेवा केंद्राला मदत मिळते, हे उत्तमच. पण झाडीपट्टी रंगभूमी धान निघाल्यावर दिवाळी ते होळी रात्रभर नाटकं करते. गडचिरोलीतल्या वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं, गावचं मंडळ ठेका करतं, तिकिटं विकतं, आणि पाहुणे शंकरपट (बैलांची शर्यत) आणि नाटक दोन्ही साधून जातात. ती कोणाच्या अनुदानावर उभी राहिलेली नाही. तिला हवी आहे ती पक्की जागा, शौचालयं आणि भरवशाची वीज.

आता हे नफ्याचं गणित आपल्याला थेट लागू पडतं. इथे स्कॉटलंडमध्ये खासगी कंपनीने पवनचक्क्या लावल्या तर सरकारी मार्गदर्शनानुसार गावाला मेगावॉटमागे दरवर्षी ५,००० पौंड द्यायचे, महागाईप्रमाणे वाढवत, प्रकल्प चालेल तोवर. ९ मेगावॉटला वर्षाला ४५,००० पौंड. गावाची स्वतःची चक्की असली तर उत्पन्न त्याच्या कितीतरी पट. (नव्या चक्क्यांना ठराविक दर देणारी योजना २०१९ मध्ये बंद झाल्यापासून इथेही हे अवघड झालं आहे.) आपल्या सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे, हे चांगलं. पण ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तीनच वर्षं. पॅनेल पंचवीस वर्षं चालतात. तुमच्या गावाकडे असा प्रस्ताव आला, तर ठराव करताना ही रक्कम मेगावॉटवर, महागाईशी जोडून, पूर्ण मुदतीसाठी मागा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

आणि स्वतःचं छोटं ग्रिड करणार असाल तर गिया बेटाकडे बघा. २००२ मध्ये गावाने बेट घेतलं, मग प्रत्येकी २२५ किलोवॉटच्या तीन जुन्या पवनचक्क्या आणल्या, आणि कमाईतला एक भाग पहिल्यापासून बदलीच्या खर्चासाठी वेगळा काढला, बाकीचा घरदुरुस्तीला. आपल्याकडे हिशेब असा बसेल: ६ लाखांचा बॅटरी संच ८ वर्षांत बदलायचा, तर महिन्याला ६,२५० रुपये हवेत. गावात ५० घरं असतील तर घरामागे १२५ रुपये, विजेच्या दराव्यतिरिक्त. हे खातं ग्रामनिधीत मिसळू नका, दोन सह्यांचं वेगळं उघडा, आणि उद्घाटनाच्या आधी उघडा. एकदा वीज सुरू झाली की सव्वाशे रुपये जास्तीचे मागायला कोणाचीच जीभ रेटत नाही.