अंगणवाडी, तुरुंग आणि उत्तरदायित्व

कोल्हापुरात कळंब्याच्या मध्यवर्ती कारागृहावरून जाताना मला नेहमी एक प्रश्न छळतो: आईसोबत तुरुंगात राहणाऱ्या मुलाच्या बालवाडीची जबाबदारी नेमकी कोणाची? सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये आर. डी. उपाध्याय प्रकरणात सांगितले की, अशा मुलाला सहा वर्षांपर्यंत आईजवळ ठेवता येईल, मात्र महिला कारागृहाला जोडून तीन वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी असली पाहिजे, आणि ती शक्यतो कारागृहाच्या आवाराबाहेर चालवावी. शक्यतो बाहेर, हे मला फार मोलाचे वाटते.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार तुरुंग हा राज्याचा विषय आहे, त्यामुळे येथे दिल्लीकडे बोट दाखवून चालणार नाही. अंगणवाड्यांचे तसे नाही. 1975 मध्ये सुरू झालेली ही योजना केंद्राची असली, तरी ती राबवते राज्य, आणि गावपातळीवर जिल्हा परिषद. शिवाय मुंबईत मंत्रालयात कारागृहे गृह विभागाकडे, तर अंगणवाड्या महिला व बालविकास विभागाकडे. तुरुंगातले मूल या दोन खात्यांच्या मधोमध उभे असते.

म्हणून आपल्या आमदारांनी विधानसभेत तारांकित प्रश्न विचारून, राज्यातील किती कारागृहांना अशी बालवाडी जोडलेली आहे, हे मंत्र्यांकडून वदवून घ्यावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. नागरिकांच्या हाती 2005 चा माहिती अधिकार आहे आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. दोन्ही विभागांना एकाच मजकुराचे स्वतंत्र अर्ज मी या आठवड्यात पाठवत आहे.