क्राकोला जाताय? आधी 'कोणतं क्राको' ते ठरवा

दक्षिण इटलीतल्या बाझिलिकाता प्रांतातलं हे ओसाड गाव बघायला निघालेल्यांनी एक गोष्ट पक्की करावी. गाडीवाल्याला नुसतं 'क्राको' सांगू नका, 'क्राको वेक्या' म्हणजे जुनं क्राको म्हणा. आमच्या टॅक्सीवाल्याने मातेरा शहराहून १२० युरो मोजून घेतले आणि खाली दरीत क्राको पेस्किएरा नावाच्या नव्या वस्तीत उतरवलं. टेकडीवरच्या मनोऱ्याकडे बोट दाखवलं आणि गाडी वळवली. कागदोपत्री त्याचं काही चुकलं नाही, कारण नगरपालिका आता खालीच आहे. पण १२० युरो घेऊन ही चलाखी!

मग भर दुपारी चढ. रस्त्याला सावली औषधालाही नाही. दोन्ही बाजूंना पावसाने चिरलेल्या उघड्या मातकट घळी, त्यांना तिकडे 'कालांकी' म्हणतात. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. एक वळण वाचवायला पायवाटेवर उतरलो, तर दहा पावलांत बुटांना चिकणमातीचे असे थर बसले की पाय उचलेना. सह्याद्रीत कितीही फिरला असाल, ओल्यात त्या मातीत शिरू नका. डांबरी सोडायची नाही.

ही मातीच गावाची खरी गोष्ट आहे. 'भूकंपाने उजाड झालेलं गाव' असं जिथे तिथे वाचून गेलो होतो. ते अर्धसत्य आहे. इथे ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातली थडगी सापडली आहेत, इ.स. १०६० च्या कागदात ही जमीन त्रिकारिकोच्या बिशपाच्या नावावर दिसते, मध्ययुगातल्या नॉर्मन राजवटीतला चौकोनी मनोरा आजही उभा आहे. १८९२ ते १९२२ या काळात तेराशेहून जास्त लोक उत्तर अमेरिकेला गेले, तरी गाव नांदतं होतं. ते हललं १९६३ च्या भूस्खलनाने, आणि त्याचा दोष बराचसा सांडपाण्याच्या व नळाच्या कामांकडे जातो. चिकणमातीच्या टेकडीत पाणी मुरलं की दुसरं काय होणार? तेव्हा लोकांना खाली पेस्किएराला हलवायला सुरुवात झाली. पुढे १९७२ चा पूर आला आणि १९८० च्या भूकंपाने उरलंसुरलं संपवलं.

आत मोकळं भटकता येत नाही. तिकीट, डोक्यावर हेल्मेट, गाइडसोबत ठरलेल्या वाटेनेच फेरी. आम्हाला मिळालेला गाइड इटालियनमध्येच बोलत होता आणि त्याला कमालीची घाई होती. पण एका घरापाशी तो थांबला: समोरची भिंत गेलेली, आतल्या खोलीचा निळा रंग उन्हात लख्ख, आणि पायऱ्या वर जाऊन हवेत संपलेल्या. तिथे मात्र तिकिटाचे पैसे वसूल झाले.



सरळ सांगायचं तर भाड्याची गाडी घ्या. बसच्या भरवशावर राहाल तर दिवस गेला समजा. पाणी आणि खाणं सोबत न्या, दुपारी खाली सगळी दुकानं बंद. फेरीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या, पाऊस असेल तर बेत पुढे ढकला. फक्त फोटो हवा असेल तर तिकीट काढूच नका. संपूर्ण गाव एका नजरेत दिसतं ते रस्त्यावरच्या वळणावरून, आणि ते फुकट आहे.