रोम ते बेळगाव : गटसहलीच्या परतीच्या नोंदी

मुंबईहून निघालेली रात्रीची बस निपाणी मागे टाकून तवंदी घाट चढू लागली, तेव्हा गटातील बहुतेक मंडळी गाढ झोपली होती आणि मी मागील बारा दिवसांचा हिशेब मनाशी मांडत होतो. बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागांतील आम्ही एकतीस जण पॅरिसपासून रोमपर्यंत जाऊन आलो होतो. स्थळांची वर्णने येथे करीत नाही. आयफेल मनोरा छायाचित्रांत दिसतो तसाच आहे. गटसहलीत बिनसते ते स्थळांवर नव्हे, तर बसमध्ये, सीमेवर आणि परतताना, असा माझा अनुभव असल्यामुळे पुढे जाणाऱ्यांसाठी तेवढेच लिहितो.

सर्वांत आधी बसचा चालक. युरोपीय संघाच्या नियमानुसार साडेचार तास गाडी चालवल्यावर त्याला 45 मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, दिवसाचे वाहनचालन साधारणपणे 9 तासांपुढे जाऊ शकत नाही आणि या सर्वांची नोंद गाडीतील यंत्रात होत असते. आपल्याकडे 'मामा, जरा दहा मिनिटं थांबा' म्हटले की चालक थांबतो. तेथे सकाळी हॉटेलच्या दारात उशीर झाला की तो वेळ संध्याकाळच्या एखाद्या ठिकाणातून वजा होतो. पॅरिस सोडण्याच्या दिवशी आम्ही पाऊण तास उशिरा निघालो आणि त्याची भरपाई स्वित्झर्लंडमधील ल्युसर्नच्या जुन्या लाकडी पुलावर करावी लागली, म्हणजे तो बसच्या काचेतूनच पाहिला. दोष चालकाचा नव्हता, तरी दोन दिवस बोलणी त्यानेच खाल्ली.

दुसरी चूक अधिक महाग पडली. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, मात्र युरोपीय संघात नाही, हा फरक व्हिसापुरता जाणवत नाही आणि खरेदीच्या वेळी नेमका आडवा येतो. आमच्यातील एका मावशींनी ल्युसर्नला जावयासाठी घड्याळ घेतले, दुकानदाराने करपरताव्याचा अर्ज भरून दिला आणि त्यांनी तो जपून रोमपर्यंत आणला. तेथील सीमाशुल्क खिडकीवर त्यांना कळले की स्वित्झर्लंडमधील खरेदीच्या अर्जावरचा शिक्का तो देश सोडतानाच घ्यावा लागतो. आमची बस लिश्टेनश्टाइनमार्गे ऑस्ट्रियात शिरली, तेव्हाच ती संधी गेली होती. तशी खरेदी करणार असाल तर सीमेवर बस थांबवण्याविषयी सहल व्यवस्थापकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. फ्रान्स आणि इटलीतील खरेदीचा शिक्का मात्र संघाबाहेर पडताना, म्हणजे आमच्या बाबतीत रोमच्या विमानतळावर घ्यायचा असतो. वस्तू दाखवायला सांगू शकतात, म्हणून ती सामानाच्या बॅगेत टाकून बॅग आत सोडण्यापूर्वी हे काम उरकावे.

खाण्याच्या बाबतीत एकच सांगतो. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाने बाहेरून युरोपीय संघात नेऊ नयेत, असा नियम असल्यामुळे कुंदा घरीच ठेवावा, हे मी निघण्यापूर्वी बजावले होते; तरीही दोन डबे आलेच आणि ते मुंबईच्या विमानतळावर वाटून संपवावे लागले. शेंगांची चटणी मात्र शेवटपर्यंत उपयोगी पडली. पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नये, कारण रोमच्या रस्त्यांवरील लोखंडी नळांचे सतत वाहणारे पाणी पिण्याजोगे असते.

ऑस्ट्रिया संपून इटली सुरू झाल्याचे ब्रेनर खिंडीत आम्हाला केवळ पाटीवरून कळले. पुढे प्रत्येक गावाचे नाव फलकांवर दोनदा येऊ लागले, एकदा इटालियनमध्ये आणि एकदा जर्मनमध्ये : ब्रेसानोने आणि ब्रिक्सेन, बोल्त्सानो आणि बोत्सेन. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेलेल्या या प्रांतात आजही बहुसंख्य लोक जर्मन बोलतात, आणि दीर्घ संघर्षानंतर 1972 मध्ये लागू झालेल्या स्वायत्ततेच्या कायद्याने दोन्ही भाषांना सरकारी कामकाजात स्थान मिळाले आहे. एरवी छायाचित्रांसाठी एकमेकांना ढकलणारी आमची मंडळी येथे पाट्या वाचत बसली. मागच्या बाकावरून एक काका 'ह्यांना जमलं तर...' एवढेच म्हणाले आणि त्यांनी वाक्य तसेच सोडून दिले. संपूर्ण सहलीत बसमध्ये इतकी शांतता दुसऱ्यांदा झाली नाही.

मुंबईला उतरल्यावर एक बॅग आली नाही. अशा वेळी फिरत्या पट्ट्यापाशी वाट पाहत न बसता बाहेर पडण्यापूर्वीच विमान कंपनीच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, आणि बॅगेवर चिकटवलेल्या पट्टीचा तुकडा घरी पोहोचेपर्यंत टाकू नये. बॅग मोडून आली असेल तर सात दिवसांच्या आत लेखी दावा करावा लागतो, हेही ध्यानात असू द्यावे. पत्ता लिहिताना आमची वेगळीच अडचण झाली. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी असले, तरी बॅगेच्या मालकांच्या जुन्या पारपत्रावर बेळगाव होते, आणि ही दोन वेगळी गावे आहेत का, असे खिडकीवरील तरुणीने आम्हाला मनापासून विचारले. शेवटी तिने अर्जावर दोन्ही नावे लिहून घेतली.

बॅग पाचव्या दिवशी घरी आली. कुलूप शाबूत होते आणि वरच्या चिठ्ठीवर दोन्ही नावे होती, एकाखाली एक.