रंगाच्या डब्यातले एकोणीस बोल्ट

"चेन तुटली म्हणजे नेमकं काय तुटलं?"

"आता चेनच तुटली म्हंजे चेनच तुटली की सायेब. मशीन बसलंय. तुमी या."

फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला चाकणहून निघालो. २०२३ चा मार्च होता. पाटणच्या पुढे डोंगरात एक दगडखाण आहे, तिथे २० टनी पोकलेनची डावी चेन तुटून पडली होती. पोकलेन हे खरं तर एका फ्रेंच कंपनीचं नाव. पण आपल्याकडे वनस्पती तूप म्हणजे डालडा, तसं बकेटवालं कुठलंही मशीन म्हणजे पोकलेन. मशीन कुणाचंही असो, त्याच्या पायातली चेन आमची होती आणि त्या चेनच्या लिंकचं ड्रॉइंग माझं होतं.

ज्यांनी ही चेन जवळून पाहिली नसेल त्यांनी सायकलची चेन आठवावी आणि मनातल्या मनात पंधरा पट मोठी करावी. दोन लिंकांची एक जोडी. तिच्या एका टोकाच्या भोकांत बुश, म्हणजे जाड पोकळ नळी, दाबून बसवलेला, दुसऱ्या टोकात पिन. पुढच्या जोडीची पिन या बुशमधून जाते, की झाला सांधा. अशा ४९ जोड्या जोडल्या की एका बाजूची चेन तयार होते. दोन सांध्यांमधलं अंतर १९० मिलिमीटर. लिंकच्या एका अंगावर रोलर धावतात. तो भाग इंडक्शनने, म्हणजे विजेने तापवून, कडक केलेला असतो, रेल्वेच्या रुळासारखा. दुसऱ्या अंगावर पोलादी प्लेट चार बोल्टांनी आवळलेली. जमिनीला टेकते ती ही प्लेट. बोल्ट खालून येतो आणि त्याचा चौकोनी नट लिंकच्या पोटातल्या खिडकीत बसतो. ही खिडकी लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिथेच घडलं.

निघण्याआधी साहेबांचा फोन झाला होता. "टेन्शन बघ आधी. हे लोक चेन तबल्यासारखी ताणून ठेवतात. तसं असेल तर फोटो काढ आणि ये." खोटं कशाला बोलू, कराडला मिसळ खाताना मीही मनात तीच प्रार्थना करत होतो. चेन फार ताणली की पिन-बुश आतल्या आत झिजतात, सगळ्या सांध्यांवर फुकटचा भार येतो. आणि तो दोष ऑपरेटरच्या खात्यात जातो, डिझाइनच्या नाही.

खाणीवर पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. काळा दगड तापून वाफ मारत होता. मशीन एका अंगावर किंचित कललेलं, डावी चेन मागे सापाच्या कातेसारखी पडलेली. ऑपरेटर पन्नाशीचा, डोक्याला पंचा गुंडाळलेला. सगळे त्याला मामा म्हणत होते, मीही म्हणू लागलो. मामांनी मला पाणी दिलं, तुटलेली लिंक पायाने माझ्याकडे सरकवली आणि गप्प उभे राहिले. कंपनीचा माणूस आला म्हणजे आधी तो आपल्यावर ढकलणार, हे त्यांना पाठ असावं.

आधी मी उजवी बाजू बघितली, कारण ती चेन अजून जागेवर होती. मामांनी बकेट टेकवून ती बाजू उचलली आणि मी फूटपट्टी घेऊन खाली बसलो. झोळ जितका हवा तितकाच होता. माझी प्रार्थना तिथेच संपली.

मग पोलादाचा हार्डनेस, म्हणजे कडकपणा, मोजला. सोबत नेलेल्या छोट्या टेस्टरवर रुळाचा आकडा ५३ आला, लिंकच्या अंगाचा ३४ च्या आसपास. दोन्ही ड्रॉइंगप्रमाणे. म्हणजे पोलाद निर्दोष. आम्ही वापरतो ते बोरॉनचं पोलाद आहे, कार्बन साधारण ०.३५ टक्के. बोरॉन म्हणाल तर लाखात दोन-तीन भाग, पण तेवढ्या चिमटीने जाड लिंक खोलवर कडक होते. हीट ट्रीटमेंटवाल्यांवर ढकलायची सोयही अशी गेली.

आता उरली तुटलेली लिंक. तिचा तुटलेला तोंडवळा उन्हात धरला आणि पोटात गोळा आला. अर्धा भाग खडबडीत, करडा, ताजा. तो शेवटच्या झटक्यात तुटलेला. उरलेला अर्धा गुळगुळीत, आणि त्यावर ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा एकाआड एक कमानी. अशा कमानी दिसल्या की समजायचं, हा तडा एका दिवसाचा नाही. दर फेरीला केसभर पुढे सरकत तो आठवडे, कदाचित महिने चालला आहे. कमानी जिथे सगळ्यात लहान होत जातात तिथे त्याचा जन्म. मी बोट फिरवत मागे गेलो. बोट थांबलं ते नटाच्या खिडकीत, आतल्या कोपऱ्यात. तिथला भाग गंजून तपकिरी झाला होता, म्हणजे सगळ्यात जुना.

"हितनंच सुरू झालं न्हवं?" मामा पहिल्यांदा आपणहून बोलले.

"तुम्हाला कसं कळलं?"

ते केबिनकडे गेले आणि सीटमागून ऑइलपेंटचा रिकामा डबा घेऊन आले. माझ्यासमोर खडकावर उपडा केला. आत तुटके बोल्ट होते. मी मोजले, एकोणीस. प्रत्येकावर खडूने तारीख लिहिलेली, काहींवरची पुसट झालेली.

"नवा बोल्ट मागितला की स्टोअरवाला म्हणतो, जुना दाव. जुना न्हाई दावला तर पगारातनं कापत्यात. म्हणून ठिवलेत." मग थोडं थांबून म्हणाले, "पयले धा येकाच महिन्यातले हायत. बोल्ट ढिला हुतो, मी पान्याला पाइप लावून आवळतो, चार दिसानं परत ढिला. नट हितं घासतोय बगा."

त्यांनी खिडकीत नखाने दाखवलं. नटाचा कोपरा जिथे टेकतो तिथे नखाएवढी चंद्रकोर चकाकत होती. कुठल्याही प्रयोगशाळेने मला इतकं नेमकं दाखवलं नसतं.

बोल्ट ढिले होतात याची शंभर कारणं असतात. पुष्कळदा आवळायची पद्धतच चुकीची असते. आधी ठरलेला टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, द्यायचा आणि मग बोल्ट आणखी १२० अंश फिरवायचा, हे कागदावर असतं. खाणीत पाना, पाइप आणि दोन माणसांचं वजन असतं. पण इथे दुसरंच काही होतं. मी प्लेटीवर टेप टाकला. ८०० मिलिमीटर. या मशीनला आम्ही गृहीत धरतो ती ६०० ची.

"या प्लेटा कुठल्या?"

कुठल्या म्हणजे चिपळूणच्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीला महापूर आला, शहर बुडालं, आणि नंतर नदीतला गाळ उपसायला कितीतरी मशीनं लागली. हे मशीन तिथे होतं. गाळात मशीन रुतू नये म्हणून मालकांनी रुंद प्लेटा घेतल्या, आणि ते अगदी बरोबर केलं. २० टन वजन ६०० च्या प्लेटांवर पसरलं तर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलो दाब येतो, ८०० च्या प्लेटांवर त्याहून कमी. म्हणजे माणूस चालताना त्याच्या एका तळपायाखाली पडतो जवळपास तेवढाच. पट्ट्यांची एक प्रसिद्ध गोष्टही रुतण्याचीच आहे. १९०४ साली कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळच्या भुसभुशीत जमिनीत वाफेचा ट्रॅक्टर रुतत होता, तेव्हा बेंजामिन होल्टने त्याची मागची चाकं काढून लाकडी फळ्यांचे पट्टे बसवले.

गाळाचं काम संपलं. मशीन ट्रेलरवर चढून कुंभार्ली घाटाने वर खाणीत आलं. जुनी चेन झिजली होती म्हणून नवी घेतली, आमची. प्लेटा मात्र नव्यासारख्या होत्या. दणकट, जाड. त्या कोण टाकून देईल? मीही टाकल्या नसत्या.

गाळात प्लेटीला सगळीकडून सारखा आधार असतो. खडकात तो एखाद्या गोट्याचा असतो, आणि गोटा येतो कडेखाली. पाटाच्या कडेवर पाय पडला की पाट उलटतो. इथे पाट चार बोल्टांनी लिंकेला जखडलेला. तो उलटू शकत नाही, मग तो बोल्टांना आणि लिंकेला पिळतो. ६०० च्या प्लेटीत मध्यापासून कड ३०० वर आहे, ८०० च्या प्लेटीत ४०० वर. गोटा तोच, वजन तेच, पीळ एक तृतीयांशाने जास्त. डावीच चेन का, तेही मामांनी सांगितलं. डंपर भरताना मशीनचं डावं अंग कायम फोडलेल्या दगडाच्या ढिगावर चढलेलं असतं.

दुपारी जेवण झाल्यावर डावी चेन पसरून घेतली. मी आणि हेल्पर पोराने डिझेल आणि तारेच्या ब्रशने चौदा लिंका घासल्या. मग बारीक तड्यातही शिरणारा लाल रंगाचा स्प्रे मारला, दहा मिनिटं थांबलो, फडक्याने पुसून काढला आणि तड्यात उरलेला रंग बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर फवारला. ज्यांनी हे केलंय त्यांना ती दोन मिनिटं ठाऊक आहेत. पांढऱ्याफेक पोलादावर काहीच नसतं, आणि मग आतून कुणीतरी कुंकवाची काडी ओढावी तशी एक बारीक लाल रेघ वर येते. हळूहळू ठळक होते. चौदापैकी सहा लिंकांवर रेघ आली. सहाही वेळा नटाच्या खिडकीच्या त्याच कोपऱ्यात.

हेल्पर पोरगं म्हणालं, "रगत आल्यावानी दिसतंय." मामांनी त्याला गप्प केलं.

मी तिथेच बसून लॅपटॉपवर ड्रॉइंग उघडलं. खिडकीचा सेक्शन मोठा करून पाहिला. कोपऱ्याचा रेडियस ०.५ मिलिमीटर. खाली 'ड्रॉन बाय'च्या चौकटीत माझी आद्याक्षरं. इतका धारदार कोपरा मी का ठेवला होता, ते मला स्पष्ट आठवत होतं. नट चौकोनी. त्याला बसायला सपाट जागा हवी. कोपऱ्यात गोलाई वाढवली तर नटाची कड तिच्यावर चढते आणि नट तिरका बसतो. म्हणून गोलाई कमी केली, नट झकास बसला, असेंब्लीवाले खूश. ताणाचं गणितही केलं होतं. एका चेनवर साधारण १० टनांची ओढ, वरून रोलरचा भार, वळतानाचा बाजूचा रेटा. तिन्हींत लिंक आरामात पास. त्या गणितात जमीन मात्र सपाट होती. प्लेटीच्या कडेखाली गोटा मी कधी ठेवलाच नव्हता.

रुंद प्लेट नसती तर हा कोपरा बहुधा निभावला असता. गोलाई असती तर रुंद प्लेटही बराच काळ निभावली असती. दोघं एकत्र आले.

परतताना साताऱ्याजवळ साहेबांचा फोन. "८०० ची प्लेट? मग झालं की! गैरवापर लिही आणि मोकळा हो." आमच्या रिपोर्टात कारणाचा एक रकाना असतो आणि त्यात तीन पर्याय: वापर, उत्पादन, डिझाइन. एकावर टिक करायची. मी दोनांवर केली. पुढचे दोन आठवडे कसे गेले ते लिहिण्यात अर्थ नाही, ज्यांना साहेब आहेत त्यांना कल्पना येईल. शेवटी मालकांना नवी चेन निम्म्या किमतीत दिली, ६०० च्या प्लेटा त्यांनी घ्यायच्या या अटीवर. ड्रॉइंगमध्ये रेडियस २.५ झाला, आणि नटाच्या खालच्या कडेला चँफर दिला, म्हणजे कड तिरकी छाटली, त्यामुळे नट गोलाईवर चढत नाही. इतकं सोपं होतं. चँफरचा खर्च नटामागे काही पैसे.

एक राहिलं. निघताना मी मामांकडून तो रंगाचा डबा मागून आणला होता. बोल्टांवरही तशाच कमानी होत्या, तारखाही होत्या. तडा कधी सुरू झाला असेल याचा अंदाज त्यावरून बांधता आला. लॅबने त्यातले दोन उभे कापून पाहिले. काम झाल्यावर डबा नीट बांधून एसटीच्या पार्सलने पाटणला पाठवला.

चौथ्या दिवशी मामांचा फोन आला. मला वाटलं नव्या चेनबद्दल असेल.

"सायेब, डबा मिळाला. पर एकोणीस गेल्ते, सतराच आल्यात."

"मामा, दोन लॅबमध्ये कापले. त्यांचे तुकडे झालेत."

"तुकडे चालतील," मामा म्हणाले. "पर चारी तुकडे पाठवा. स्टोअरवाला जुळवून बगतोय."