गाडीखालचा कुत्रा

इंजिन उकळायला ठेवलं होतं. खऱ्या इंजिनात पाणी उकळतं, आमच्याकडे पाण्यात इंजिन. पातेलं वेगळं आहे, हे आधीच सांगून टाकतो. जुन्या किटांच्या ओतीव धातूत कथील आणि अँटिमनीबरोबर शिसंही असतं, त्यामुळे त्या पातेल्यात पुन्हा कधी चहा व्हायचा नाही. त्याच्या बुडाला लाल फुली आहे. ती मी स्वतःहून मारलेली नाही, एवढं सांगितलं की पुरे.

इंजिन म्हणजे जेमतेम वीतभर, वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती. असली किटं खोक्यातून सुट्ट्या भागांनी यायची: बॉयलरचे दोन अर्धे भाग, धुराडं, घुमट, ड्रायव्हरची खोली. चाकं, मोटर, रंग आणि चिकाटी बहुतेकदा आपली आपण आणायची. माझ्या हाती आलेलं किट कुणीतरी बऱ्याच वर्षांपूर्वी जोडलेलं. हिरवा रंग इतका जाड, की बॉयलरवरचे पट्टे त्याखाली बुडून गेलेले. धुराडं किंचित मागे कललेलं, जणू समोरून वारा येतोय.

हा धातू अडीचशे अंशांच्या आतच वितळतो. सांधे जोडायची साधी सोल्डरिंगची सळई त्याहून कितीतरी तापते. एक क्षण जास्त टेकली, की घुमटाच्या जागी चकचकीत डबकं. (माझा पहिला घुमट असाच गेला. दुसराही.) म्हणून या कामाला सत्तर अंशांना वितळणारं वेगळं सोल्डर, म्हणजे जोडकामाचा धातू, वापरतात. त्यात कॅडमियम असल्याने त्याचा धूर मात्र नाकात जाऊ द्यायचा नाही. पितळेवर ते नीट धरत नाही, तिथे आधी साध्या सोल्डरचा पातळ थर चढवून घ्यावा लागतो. पण त्याचा खरा गुण कळतो तो मोडताना. पाणी उकळतं शंभराला, सांधे सुटतात सत्तरला. दहा मिनिटांत पातेल्याच्या तळाशी भाग सुटे होऊन पडले. धुराडं इपॉक्सीने चिकटवलेलं होतं, तेही गरम पाण्यात मऊ पडलं आणि जरा पिळल्यावर निघून आलं.

चौकट पितळी पट्ट्यांची होती, हे माझं नशीब. काही जुन्या मॉडेलांत ती जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि त्यात शिशाची भेसळ राहिली असली की धातू आतून कुजतो, फुगतो, भेगाळतो. त्याला औषध नाही.

आता मूळ दुखण्याकडे वळतो. हे इंजिन लंगडत होतं. चाकाच्या दर फेऱ्यात एकदा अडखळायचं, मग उसळी मारून पुढे जायचं. कारण कळण्यासाठी आधी एक गंमत सांगायला हवी. खऱ्या इंजिनात वाफ दट्ट्याला ढकलते, दट्ट्या दांड्याला, दांडा चाकाला. मॉडेलात सगळा कारभार उलटा. बॉयलरच्या पोटात विजेची मोटर बसलेली असते, ती दंतचक्रातून एक आस फिरवते, त्याची चाकं दांड्यांना ओढतात आणि दांडे बिचाऱ्या दट्ट्याला रिकाम्या सिलिंडरात आत-बाहेर करतात. बैलगाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं, गाडी मीच ओढतोय. मॉडेलातला दट्ट्या हा तो कुत्रा. पण त्याचा रुबाब बघावा! बघणाऱ्याची नजर सगळ्यात आधी त्याच्यावरच जाते.

लबाडी तेवढ्यावर थांबत नाही. माझं इंजिन ज्या ब्रिटिश मापाचं आहे, त्यात खऱ्या एका फुटाला ४ मिलिमीटर धरतात. खऱ्या रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर, म्हणजे इथे १८.८३ हवं. असतं १६.५. ब्रिटिश इंजिनं अंगाने सडपातळ, फुटाला ३.५ मिलिमीटरच्या मापात त्या काळच्या मोटरी त्यांच्या पोटात मावेनात. मग शरीर वाढवलं आणि रूळ त्या ३.५ च्या मापाचेच ठेवले. म्हणजे सगळी इंजिनं पाय जवळ घेऊन उभी. ज्यांना हे सहन होत नाही, ते १८.८३ चे रूळ स्वतः घालतात. मला सहन होतं. खरं सांगायचं तर, कुणीतरी दाखवून देईपर्यंत दिसलंही नव्हतं.

लंगडण्याचं मूळ चाकांच्या कोनात होतं. दोन सिलिंडरांच्या खऱ्या इंजिनात डाव्या आणि उजव्या चाकांवरच्या, दांडे जिथे अडकतात त्या खुंट्या एकमेकींपासून ९० अंशांवर असतात. एक दट्ट्या टोकाला जाऊन हतबल झाला, की दुसरा मधोमध जोरात असतो, म्हणून इंजिन कुठेही थांबलं तरी पुन्हा हलू शकतं. मॉडेलात मोटर असल्याने या युक्तीची तेवढी निकड नाही. कोन ८८ आला तरी चालतं, पण तिन्ही आसांवर तोच हवा. इथे मधला आस फितूर होता. आधीच्या कारागिराने त्यावर पळवाट काढलेली: दांड्यांची भोकं कानशीने घासून लांबट केलेली. इंजिन अडकायचं थांबलं आणि लंगडायला लागलं. मला त्याचा राग आला, आणि रात्री दहा वाजता, चौथ्यांदा चाक उपटताना, त्याची बाजूही समजली.

शेवटी जवळच्या चाकाच्या आऱ्यांमधून पलीकडच्या आऱ्या बघत, एकेक आस जुळवला. भोकांना आतून पितळी कडी बसवली. मग बाहेरची ती झडपांची यंत्रणा. वाल्शर्ट्स नावाच्या बेल्जियन माणसाने ती १८४४ साली काढली. वाफ दट्ट्याच्या कोणत्या बाजूला, किती वेळ सोडायची, ते ती ठरवते. माझ्याकडे वाफच नाही. तरीही सुईच्या टोकाएवढ्या रिव्हेटी ठोकत, दोन पट्ट्यांच्या मध्ये तेल लावलेला पातळ कागद ठेवून सांधे मोकळे राखत, दोन आठवडे गेले.

मध्ये एकदा दांडे काढून नुसतंच इंजिन पळवून पाहिलं. मोटरचा एकच आस फिरत होता, बाकीची चाकं रुळावर घरंगळत होती आणि ते लोण्यासारखं चाललं. असंच ठेवावं, असं दहा मिनिटं मनात होतं. मग पाना उचलला आणि दांडे परत लावले.

आता ते चालतं. एका वळणावर अजून किंचित अडखळतं, कधी कधी. मी रुळाच्या पातळीला डोळा लावून, एका हातात तेलाची सुई घेऊन, दट्ट्याकडे बघत बसतो. तो आत जातो, बाहेर येतो, घाम गाळल्यासारखा. ओढ बाबा, ओढ.