दहापैकी किती, भो?

मित्राच्या कवितेला नावं ठेवली तर तो आठ-पंधरा दिवस रुसतो आणि मग येतो परत. होमपेजला कमी मार्क दिले तर मात्र तो विषय मिटतच नाही. हे अनुभवावरून सांगतोय, कारण २००१ साली जळगावला कॉम्प्युटर शिकत असताना आमच्या सरांनी आम्हाला नेमकं हेच काम लावलं होतं. प्रत्येकानं स्वतःचं होमपेज बनवायचं, नेटवर चढवायचं, मग वर्गातल्या बाकीच्यांची पानं बघून दहापैकी मार्क द्यायचे आणि वर दोन ओळी लिहायच्या, त्याही त्या पानाच्या गेस्टबुकात, म्हणजे पाहुण्यांनी शेरे लिहायच्या जागी, सगळ्यांना दिसतील अशा. सरांचा हेतू चांगला होता. पण प्रोजेक्ट वेगळा, तो आपण सिनियरचाच उतरवतो, त्याला कोणी काही बोललं तर ते परस्पर सिनियरला लागतं. होमपेजवर आपलं नाव, आपला फोटो, आपल्या 'माय हॉबीज', त्यामुळं तिथं कमी मार्क पडले की ते थेट हॉबीजनाच पडल्यासारखं वाटायचं.

तेव्हा फुकटात पान टाकायचं म्हणजे बहुतेकांसाठी जिओसिटीज. ट्रायपॉड होतं, एंजलफायर होतं, पण आमच्या वर्गात एकानं जिओसिटीजवर टाकलं म्हणून सगळ्यांनी तिथंच टाकलं, आपल्याकडं कॉलेजची अ‍ॅडमिशन पण अशीच होते. १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही साइट १९९९ मध्ये याहूनं साडेतीन अब्ज डॉलरच्या वर किंमत देऊन घेतली होती आणि आम्हाला तिथं १५ एमबी जागा मिळायची. आमच्या आधीच्या बॅचचे पत्ते अजून मजेशीर होते, कारण तेव्हा जिओसिटीजवर मोहल्ले असायचे, सिलिकॉन व्हॅली, हॉलिवूड, अथेन्स, एरिया ५१, आणि प्रत्येक पानाला त्या मोहल्ल्यातला घर नंबर. आमच्या होस्टेलचा एक एरंडोलचा सिनियर मोटरसिटीत राहायचा, म्हणजे गाड्यांच्या शौकिनांच्या मोहल्ल्यात, आणि त्याच्याकडं वडलांची जुनी सायकल होती. आम्ही आलो तोवर मोहल्ले जाऊन साधं युजरनेम आलं होतं, एका अर्थी बरंच झालं, नाहीतर कोण कुठल्या मोहल्ल्यात राहतो यावरून पण मार्क कापले गेले असते.

सरांच्या कागदावर चार रकाने होते, मजकूर, डिझाइन, लिंका चालतात का, आणि स्पीड. पहिल्या तीनवर आम्ही काय मार्क देत होतो हे आम्हाला पण नीट कळत नव्हतं. स्पीडवर मात्र सगळे एकदम कडक, कारण स्पीडचे पैसे बघणाऱ्याच्या खिशातून जायचे. कॉलेजच्या लॅबमध्ये नेट आठवड्यातून एखाद्या वेळी, तेही सर स्वतः लॅबमध्ये असतील तर, त्यामुळं सगळं काम बाहेरच्या कॅफेत. तिथं तासाला तीस रुपये, म्हणजे मिनिटाला आठ आणे, आणि एकाच मोडेमवर पाच कॉम्प्युटर. मोडेमवर ५६के लिहिलेलं असलं तरी सेकंदाला चारेक केबी आले तर नशीब, त्याचे पाचजणांत भाग. आता तुम्ही तुमच्या पानावर तीनशे केबीचा सूर्यास्त लावला की तो वरून खाली पट्ट्या-पट्ट्यांनी उतरायला सहा मिनिटं लागणार आणि मला तो सूर्यास्त तीन रुपयांना पडणार. तीन रुपयांत चहा पिऊन वर पैसे उरत होते. त्यामुळं आमच्या बॅचला डिझाइनची जी काही अक्कल आली ती पुस्तकातून नाही, मिटर बघत बसण्यातून आली, चित्र लहान करून टाका, एका पानावर फोटो एकच, बॅकग्राउंडला फरशीचं डिझाइन नको. हे नियम पुढं मी पैसे घेऊन लोकांना सांगितलेत.

आता लाल फुलीचं. जवळजवळ अर्ध्या वर्गाच्या पानावर फोटोच्या जागी एक रिकामा चौकोन आणि त्यात लाल फुली दिसायची, कारण घरी किंवा लॅबमध्ये पान बनवताना फोटोचा पत्ता 'सी ड्राइव्ह, माय डॉक्युमेंट्स' असाच राहून गेलेला. ज्यानं बनवलं त्याच्या कॉम्प्युटरवर फोटो दिसणार, कारण फोटो तिथंच पडलेला, आणि जगाला फुली. चोपड्याचा एकजण हे मानायलाच तयार नव्हता. तो म्हणायचा माझ्याकडं दिसतोय ना, मग तुमच्या कॅफेवाल्याचा कॉम्प्युटर खराब आहे. ज्यांनी पत्ता बरोबर दिला त्यांचं दुसरंच, फाइलचं नाव कॅपिटलमध्ये आणि पानात स्मॉलमध्ये, विंडोजला चालतं पण तिकडच्या सर्व्हरला चालत नाही, परत फुली. एकानं तर गेस्टबुकातच विचारलं होतं, 'हाई काय शे भो?', म्हणजे हे काय आहे भाऊ, आणि मालकानं खाली उत्तर लिहिलं होतं की तो माझा मनाली ट्रिपचा फोटो आहे.

गाणं लावणारे वेगळेच. पान उघडलं की आपोआप मिडी सुरू, म्हणजे गाण्याची नुसती चाल, तीही पिपाणीच्या आवाजात. घरी ठीक आहे हो, पण कॅफेत लाकडी कप्प्यात बसलेले चार अनोळखी लोक एकदम मान वर करून बघायचे आणि आपण ते बंद करायला बटण शोधतोय तर बटणच नाही. मी याला डिझाइनमध्ये सरळ शून्य देत होतो, आणि आजही देईन. उंदराच्या मागे चांदण्या पळवणारे, राइट क्लिक केलं की दम देणारी पाटी दाखवणारे, यांचं फारसं वाईट वाटायचं नाही. ती दम देणारी पाटी बहुतेक कुठूनतरी चोरलेलीच असायची, व्ह्यू सोर्समध्ये जाऊन, म्हणजे दुसऱ्याच्या पानामागचा कोड उघडून. धावणारी अक्षरं एक्सप्लोरर या ब्राउझरमध्येच धावायची आणि लुकलुकणारी नेटस्केप या दुसऱ्या ब्राउझरमध्येच लुकलुकायची, आणि आमच्या कॅफेत नेटस्केप नव्हतंच, त्यामुळं वर्गातल्या एकानं आपलं आख्खं नाव लुकलुकतं ठेवलं होतं आणि ते लुकलुकताना त्यानं स्वतः पण कधी बघितलं नव्हतं. हे मात्र मला आवडलं होतं. विश्वास लागतो त्याला.

पण खरी गोची मजकुराची. चाळीसेक पानं, आणि सगळ्यांवर तेच. वेलकम टू माय होमपेज. मी असा असा, मला क्रिकेट आवडतं, मला म्युझिक आवडतं, मला ट्रॅव्हलिंग आवडतं (भुसावळच्या पुढं न गेलेले पण यात), खाली याहू आणि हॉटमेलच्या लिंका, का तर कुणाला अचानक याहूवर जावंसं वाटलं तर रस्ता सापडायला हवा. त्याखाली 'यू आर व्हिजिटर नंबर' आणि पुढं आकडा, जो पान रिफ्रेश केलं की वाढतो हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी ते केलेलं होतं. वरच्या पट्टीत पानाचं नाव 'न्यू पेज १', कारण फ्रंटपेजनं, म्हणजे पानं बनवायच्या सॉफ्टवेअरनं, स्वतःहून दिलेलं नाव बदलायचं असतं हे कुणाला सांगितलेलंच नव्हतं. 'माय सिटी' म्हणून वेगळं पान असेल तर त्यावर अजिंठ्याचा फोटो हमखास. अजिंठा आपल्या जिल्ह्यात नाही, शेजारच्या जिल्ह्यात आहे, पण परदेशी पाहुणे जळगाव स्टेशनला उतरूनच तिकडं जातात म्हटल्यावर आमचा तेवढा हक्क. बाकी फोटो सगळे नारळाची झाडं, समुद्र, बर्फ, लाल गाड्या. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत कूलरसमोर बसून बर्फ बघायला मलाही आवडतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण चाळीस पानं बघून झाल्यावर ही पोरं खानदेशातली आहेत हे फक्त आडनावावरून कळत होतं, आणि त्यात केळीचं एक पान नाही, कपाशीचं एक बोंड नाही, भरताचं वांगं तर लांबच राहिलं.

मराठीत न लिहिण्याला कारण होतं ते सांगतो. त्या वेळी मराठी लिहायचं म्हणजे शिवाजी, किरण, शुषा असला कुठलातरी फॉन्ट आणि तोच फॉन्ट बघणाऱ्याकडं पण हवा, नाहीतर त्याला नुसते कंस, टक्के आणि डॉलर दिसणार. कॅफेवाला परक्याला फॉन्ट टाकू द्यायचा नाही. मग इंग्रजी. आणि इंग्रजीत लिहायला बसलं की माणूस आपोआप ट्रॅव्हलिंग आवडतं असं लिहितो, काय करणार.

यातून दोनच पानं वेगळी निघाली. एक सावद्याच्या पोराचं. होस्टेलला त्याला सगळे सावदा म्हणूनच हाक मारायचे. त्याच्या पानावर फोटो नाही, रंग नाही, पांढऱ्यावर काळं, आणि काय तर केळीचे त्या दिवशीचे भाव, रावेर, यावल, सावदा, आणि खाली कोणत्या दिवशी भरले ती तारीख. संध्याकाळी एसटीडी बूथवरून घरी फोन करायचाच असायचा, तेव्हा वडलांना भाव विचारायचा आणि पुढच्या वेळी कॅफेत आला की बदलायचा. रोज जमायचं नाही, कधी आठवडा जायचा, कधी लोडशेडिंगमध्ये अर्धवट चढायचं. सगळं मिळून पाच-सहा केबी, एंटर मारली की समोर. वर्गात सगळे हसले. हे काय होमपेज आहे का, बाजार समितीचा फळा आहे, असं एकानं गेस्टबुकात लिहिलं. मी त्याला नऊ दिले, डिझाइनचा एक कापून. यावरून होस्टेलच्या गच्चीवर जे भांडण झालं ते रात्री उशिरापर्यंत चाललं. समोरच्यांचं म्हणणं, होमपेजमध्ये माणूस दिसला पाहिजे, याच्यात सावदा कुठं आहे? माझं म्हणणं, याच्यातच तर आहे, बाकीच्या पानांवर तुमचं नाव बदलून माझं टाकलं तर कुणाला फरक कळणार नाही, याचं बदलून दाखवा. त्याला स्वतःला या भांडणात काडीचा रस नव्हता, तो झोपला होता.

दुसरं पारोळ्याच्या एका मुलीचं. तिनं आजीच्या तोंडच्या अहिराणी ओव्या वहीत लिहून घेतल्या होत्या आणि फॉन्टची भानगड नको म्हणून फोटो स्टुडिओतल्या स्कॅनरवर वहीची पानंच्या पानं स्कॅन करून टाकली, लहान न करता, निळ्या शाईसकट, समासाच्या लाल रेघेसकट. एकेक पान उघडायला वाट बघत बसायचं. माझ्या स्पीडच्या सगळ्या नियमांची वाट लावणारं काम. पण एक ओळ उतरली की दुसरीसाठी थांबावंसं वाटायचं, आणि मध्येच लाइन गेली तर चिडचिड व्हायची ती पैशांची नाही, ओवी अर्धी राहिल्याची. स्पीडमध्ये मी तिला शून्य दिलं, मजकुरात सगळे, आणि त्या दिवशी कॅफेवाल्याला पैसे देताना हिशोब विचारला नाही. तर सांगायचं हे की आमचा नियम जड पानाविरुद्ध कधी नव्हताच, फुकट जड पानाविरुद्ध होता.

गेस्टबुकातल्या दोन ओळींचं मात्र सगळ्यांनी वाटोळं केलं. 'नाइस पेज, कीप इट अप.' मुलगी बघायला आलेले लोक कांदेपोहे खाऊन उठताना 'कळवतो' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. मार्क पण सगळ्यांना सात, कारण आज मी तुला सहा दिले तर उद्या तू मला पाच देणार. मुलींच्या पानांना आठ-नऊ, आणि गेस्टबुकात वर्गाबाहेरच्या पोरांचीच गर्दी, मेल आयडी द्या, चॅटवर येता का, त्यामुळं त्यांनी आठवडाभरात फोटो काढले आणि मेल आयडी पण काढला. त्यांच्या पानांवर डिझाइन का कमी आहे असं विचारणाऱ्यांनी तेवढं बघितलं असतं तर बरं झालं असतं. आणि तपासणीच्या दिवशी सगळा वर्ग एकदम त्या वहीच्या पानावर गेला तर ते बंदच पडलं, फुकटच्या पानाला तासाला किती डेटा जाऊ द्यायचा याची मर्यादा असायची. सर म्हणाले, पान उघडत नाही. आम्ही म्हटलं, सर, जास्त चालतंय म्हणून उघडत नाही. सरांना ते पटलं नाही.

२६ ऑक्टोबर २००९ ला जिओसिटीज बंद झालं, जपानमधलं तेवढं २०१९ पर्यंत चालू राहिलं. बंद व्हायच्या आधी काही हौशी लोकांनी जमतील तेवढी पानं उतरवून ठेवली, त्यात आमच्या वर्गातलं एक सापडलं, 'न्यू पेज १', लाल फुलीसकट. ते कुणाचं हे ठरेना. चौघांनी ते आपलं म्हणून सांगितलं, कारण चौघांना क्रिकेट, म्युझिक आणि ट्रॅव्हलिंग आवडत होतं. ओव्यांची वही पारोळ्याला तिच्या घरी आहे, त्यामुळं त्याची काळजी नाही. सावदा आता शेतीच बघतो, भाव त्याला मोबाईलवर येतात आणि ते बघून तो जे बोलतो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मोटरसिटीवाला एरंडोलचा सिनियर पुण्यात स्वतःची कंपनी चालवतो. मागच्या महिन्यात त्यानं कंपनीच्या नव्या वेबसाइटची लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, प्रामाणिक मत दे रे. उघडल्या उघडल्या आपोआप व्हिडिओ सुरू झाला, म्युझिकसकट, बंद करायचं बटण शोधेपर्यंत घरातले सगळे माझ्याकडं बघत होते. मी गाण्याचे मार्क कापलेत असं त्याला कळवलंय. मेसेज वाचलाय त्यानं, उत्तर नाही.