आम्ही बोर्डाची पोरं

नंदुरबारच्या आपल्या कॉलेजचा इतिहास सांगायला बसलं की सगळे सिनियरपासून सुरू करतात. संस्था कधी निघाली, इमारतीला देणगी कोणी दिली, पहिले प्राचार्य कोण. ते ठीक आहे, पण हा सुवर्णमहोत्सव ज्युनिअरचा आहे ना भाऊ, आणि ज्युनिअरवाले म्हणजे त्या इमारतीतले कायमचे भाडेकरू. सकाळची शिफ्ट आमची, चांगल्या लॅब त्यांच्या, ग्राउंड त्यांचं, गॅदरिंगला स्टेजही आधी त्यांचं. 1990 ला पुण्यापासून वेगळं होऊन जळगावला नवं विद्यापीठ झालं तेव्हा केवढा गाजावाजा झाला म्हणतात, आणि 2018 ला त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं तेव्हा पण झाला. आम्हाला काय फरक, आम्ही बोर्डाची पोरं.

पन्नास वर्षं म्हणजे 1975 पासून. त्याआधी अकरावीला मॅट्रिक आणि मग कॉलेजात एक वर्ष प्री-डिग्री. नव्या पॅटर्नची दहावीची पहिली बॅच 1975 ला बाहेर पडली, तीच पोरं जूनमध्ये अकरावीला बसली आणि 1977 ला बारावी बोर्डाची पहिली परीक्षा झाली. माझे काका जुन्या मॅट्रिकचे, ते शेवटपर्यंत म्हणायचे की 11 अधिक 1 काय अन् 10 अधिक 2 काय, हिशोब तोच, उगा पाटी बदलली. मला ते पटत नाही. प्री-डिग्रीला खेड्यातलं पोरगं एकदम कॉलेजात जाऊन पडायचं आणि वर्षात हातपाय गाळायचं. आम्हाला निदान दोन वर्षं मिळाली, त्यातलं अख्खं पहिलं वर्ष फक्त इंग्रजी कानावर पडायची सवय होण्यात गेलं ही गोष्ट वेगळी.

कारण सायन्सला आलेले आम्ही बहुतेक सगळे मराठी मीडियमचे, काही आश्रमशाळेतून आलेले ज्यांची घरची भाषा भिलोरी नाहीतर पावरी, काही अहिराणी, बाजारपेठेतली पोरं गुजराती बोलणारी. फिजिक्सचे सर फळ्यावर इंग्रजीत लिहायचे, मराठीत समजावायचे आणि तरी चेहरे कोरे दिसले की खडू ठेवून अहिराणीत म्हणायचे "समजनं का रे भो?" आणि मग जे काही सांगायचे ते डोक्यात बसायचं. नोट्स मात्र शेवटपर्यंत इंग्रजीतच द्यायचे, म्हणायचे पेपर तपासणारा काय तुझ्या मामाच्या गावचा नाही.

मी 1996 ला अकरावीला आलो तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यात होतं. दाखला म्हणा, सर्टिफिकेट म्हणा, सही-शिक्क्यासाठी धुळ्याची एसटी पकडायची. आमची बारावी झाली आणि 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा झाला, म्हणजे आमच्या बॅचच्या मार्कशीटची झेरॉक्स काढून होईपर्यंत जिल्हाच बदलला. पुढच्या ॲडमिशनच्या फॉर्मवर जिल्हा काय लिहायचा यावर ऑफिसच्या खिडकीत रोज वाद.

हजेरीचं सांगतो. सुरत-भुसावळ लाइन तेव्हा सिंगल होती. नवापूर, चिंचपाडा, खांडबारा इकडची पोरं पॅसेंजरने यायची, दोंडाईचाकडची उलट बाजूने, आणि क्रॉसिंगला गाडी उभी राहिली की पहिलं लेक्चर गेलंच. नवापूरचा एकजण होता, त्याचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये, तो लेट आला की सर विचारायचे, काय रे, आज गुजरातकडून उतरला का? पॅसेंजरवाल्यांची हजेरी दुसऱ्या लेक्चरला पहिल्याची पण लावायची, हा कुठल्याच नियमात नसलेला नियम होता आणि माझ्या मते कॉलेजची सगळ्यात चांगली परंपरा तीच.

अधिकृत परंपरा म्हणाल तर 9 सप्टेंबर. 1942 ला याच दिवशी नंदुरबारात 'चले जाव'च्या मिरवणुकीत शिरीषकुमार मेहता आणि त्याच्याबरोबरची चार पोरं, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा, पोलिसांच्या गोळ्यांनी गेली. शिरीषकुमार 15 वर्षांचा होता, म्हणजे आमच्या अकरावीच्या वर्गात बसला असता तर सगळ्यात लहान. सकाळी माणिक चौकातल्या स्मारकावर जायचं, "नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमी भारतनु" म्हणायचं, म्हणजे भारतभूमीचा झेंडा झुकणार नाही. आमच्यातल्या निम्म्यांना गुजराती येत नव्हती पण ही ओळ सगळ्यांना पाठ. भाषणं लांबायची, खरं सांगायचं तर मागच्या रांगेत चुळबूळ असायची, पण झेंडा धरायला अकरावीतलं सगळ्यात बारकं पोरगं पुढे काढायचे आणि ते हाफ शर्टातलं पोरगं बघून मागची चुळबूळ आपोआप थांबायची.

दिवाळीनंतर मिरचीचा सीझन. पथारींवर लाल मिरची वाळत घातलेली आणि वारा तिकडून सुटला की अख्खा वर्ग ठसकतोय. प्रिलिम नेमकी त्याच दिवसांत. बाहेरगावहून बदलून आलेल्या एका मॅडमना पहिल्या वर्षी वाटलं पोरं मुद्दाम खोकून उत्तरं सांगतायत, त्यांनी दोघांना उभं केलं आणि स्वतःच शिंकायला लागल्या.

आणि होळी! बारावीचा बोर्ड आणि होळी एकमेकांच्या अंगावर यायचे. अक्कलकुवा-धडगावकडची होस्टेलची पोरं महिनाभर आधी कॅलेंडरवर पेपर आणि होळी यांच्यातलं अंतर मोजत बसायची. तिकडच्या काठी गावची राजवाडी होळी चुकवायची म्हणजे काय, त्यांच्या घरी बारावी चुकली तर कदाचित चाललं असतं. आमच्या बेंचवरचा एकजण पेपर देऊन तसाच मोलगीच्या जीपला लटकला, रात्रभर काठीला नाचला, पहाटे होळी पेटलेली बघून परत. पुढच्या पेपरला आला तेव्हा कानामागे राख, कमरेला घुंगरांच्या पट्ट्याचे वळ. त्याने बुध्याचं, म्हणजे होळीला अंग रंगवून घुंगरं बांधून नाचायचं व्रत धरलेलं होतं हे आम्हाला तेव्हा कळलं. सुपरवायझरने हॉल तिकिटावरचा फोटो दोनदा बघितला. पास झाला, आता तिकडेच हायस्कूलला शिक्षक आहे.

बायफोकलला, म्हणजे सायन्सबरोबरच्या व्यवसायाच्या विषयाला, क्रॉप सायन्स घेणाऱ्यांवर बाकीचे हसायचे, शेतीच करायची तर कॉलेजला कशाला आला म्हणून. 200 मार्कांचा विषय, त्यांचे टक्के आमच्यापेक्षा जास्त पडले तेव्हा हसू बंद झालं.

2025 पासून अकरावीचं ॲडमिशन राज्यभर ऑनलाइन झालंय, माझ्या पुतणीने मोबाइलवरच फॉर्म भरला. आता निम्मा वर्ग क्लासला आणि कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलला असं सगळीकडेच चाललंय, त्यावर बोलायला लागलो तर स्मरणिकेची पानं संपतील. तिला एवढंच विचारलं की 9 सप्टेंबरला जाणार ना, तर म्हणे क्लासची टेस्ट आहे काका.

कमिटीला एकच विनंती, माजी विद्यार्थ्यांची यादी छापताना नुसते डॉक्टर-इंजिनिअर छापू नका. आर्ट्सची पोरं, नापास होऊन मिरचीच्या गाड्या भरायला लागलेली पोरं, बारावीनंतर लग्न होऊन गेलेल्या मुली, सगळ्यांची नावं जनरल रजिस्टरला आहेत. ऑफिसमधल्या भाऊंना सांगा, ते काढून देतील.